शाँबोरला सायकलवर, रमतगमत: लोआरकाठचा एक दिवस कसा आखावा

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. आम्ही पाच जण, पाच सायकली आणि समोर फ्रान्समधल्या एका खेड्यातलं एकुलतं एक रेस्टॉरंट. आत लोक जेवत होते, लसणाचा आणि लोण्याचा वास बाहेरपर्यंत येत होता. मालकीणबाई हसून म्हणाल्या, स्वयंपाकघर बंद झालं. आम्ही तोंडं पाडून उभे राहिलो, तरी बंद म्हणजे बंद. त्या दिवशी आमचं जेवण झालं सॅकच्या तळाशी चुरा होऊन पडलेल्या चकल्या आणि चार जर्दाळूंवर.

चूक आमची होती. ‘निवांत जाऊ’ म्हणजे ‘काहीच ठरवायचं नाही’ असा आमचा समज. पण फ्रान्सच्या खेड्यात निवांतपणालाही घड्याळ असतं. जेवण बारा ते दोन, आणि सायकल संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आत परत. या दोन वेळा सांभाळल्या की मधला सगळा दिवस आपला. पुढचं सगळं त्या चुकल्यानंतर शिकलेलं आहे.

रस्ता कोणता निवडावा

फ्रान्समध्ये सायकलचे रस्ते पुष्कळ. पण मित्रांपैकी एखादा रोज पंचवीस किलोमीटर मारणारा आणि एखादी शाळेनंतर सायकलला हात न लावलेली, असा सर्वसाधारण मराठी ग्रूप असेल तर मी डोळे झाकून लोआर नदीचं खोरं सांगेन, आणि त्यातही ब्लुआ शहर ते शाँबोरचा राजवाडा. लोआरच्या काठाने ‘ला लोआर आ व्हेलो’ नावाचा सुमारे ९०० किलोमीटरचा सायकलमार्ग जातो. आपला टप्पा त्याचा चिमूटभर भाग: जायचे वीस किलोमीटरच्या आसपास, यायचे थोडे कमी. चढ जवळजवळ नाही, कारण रस्ता बराचसा नदीच्या पूरबांधावरून जातो.

दिवसाला चाळीस किलोमीटर ऐकायला फार वाटतात. पण ताशी बारा-तेराच्या वेगाने प्रत्यक्ष पायडल मारण्याचे तास जेमतेम सव्वातीन होतात. बाकीचा वेळ थांबायचा. मी आता किलोमीटर मोजून आखणी करत नाही, थांबे मोजून करते: पाव घ्यायचा थांबा, नदीचा थांबा, जेवणाचा, राजवाड्याचा, आणि परतताना एक कॉफीचा. पाच थांबे बसत नसतील तर रस्ता लांब झाला असं समजावं.

कधी जावं

मे, जून आणि सप्टेंबर. जूनमध्ये इथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे उजेडाची चिंताच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हल्ली पारा पस्तिशीच्या वर जातो आणि बांधावर सावली नसते. नागपूरकर हसतील, पण ही उन्हं डोक्यावर घेऊन वीस किलोमीटर काढणं वेगळं. उशिरा शरद ऋतूत या भागातल्या जंगलांत शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा रानवाटांचा मोह टाळावा.

वार जास्त महत्त्वाचा. मंगळवार ते शुक्रवार घ्या. रविवारी दुपारनंतर खेडेगावातली दुकानं मिटलेली असतात, सोमवारी बऱ्याच बेकऱ्या आणि रेस्टॉरंट सुट्टीवर असतात. मे महिन्यात १ आणि ८ तारखेच्या सुट्ट्या आहेत, शिवाय असेन्शन या ख्रिस्ती सणाचा गुरुवार बहुधा याच महिन्यात येतो. त्या आठवड्यांत सायकली आधी बुक केल्या नाहीत तर मिळत नाहीत.

ब्लुआला पोचणं

पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्टेशनवरून ब्लुआला थेट गाड्या आहेत, गाडीनुसार दीड ते दोन तास. सकाळी साडेसातच्या आसपासची गाडी बघा. स्टेशनचं नाव ‘ब्लुआ-शाँबोर’ आहे, त्याने फसू नका. स्टेशन ब्लुआत आहे, शाँबोरचा राजवाडा तिथून सायकलने दीड-दोन तासांवर. पॅरिसमध्ये सायकल भाड्याने घेऊन गाडीत चढवायचा उद्योग करू नका. डब्यात सायकलच्या जागा मोजक्या असतात आणि पाच सायकली एकत्र चढवताना मैत्रीची परीक्षा होते. ब्लुआतच घ्या.

जमलं तर आदल्या रात्रीच ब्लुआत मुक्काम करा. सकाळी नऊला बेकरीच्या दारात उभं राहता येतं आणि दिवस एकदम सैल होतो.

सायकल ताब्यात घेताना

दुकानात तीन शब्द कामाला येतात. ‘व्हे-ते-से’ म्हणजे आपल्याला हवी ती सर्वसाधारण, सरळ बसायची, गिअरची सायकल. ‘व्हे-ते-ते’ म्हणजे डोंगरातली जाड टायरची. ‘व्हे-आ-अ’ म्हणजे बॅटरीवाली. ग्रूपमध्ये कोणाचे गुडघे कुरकुरत असतील तर त्या एकाला बॅटरीवाली द्या, लाजू नका. फक्त ती माणसं पुढे पळतात, तेव्हा त्यांना शेवटून दुसरं ठेवा. साध्या सायकलला दिवसाला साधारण वीस युरो, बॅटरीवालीला त्याच्या जवळपास दुप्पट धरून चाला. वर अनामत रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात. ती पैसे कापल्यासारखी दिसते, पण सायकल नीट परत केली की सुटते. बुकिंग करताना प्रत्येकाची उंची सेंटिमीटरमध्ये कळवा.

सायकल हातात आली की घाई करू नका. दहा मिनिटं घ्या आणि दुकानासमोरच या गोष्टी बघा.

पहिली सीट. पायडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर टेकली आणि पाय जवळजवळ सरळ झाला, तर उंची बरोबर. आपल्याकडे सीट खाली ठेवायची सवय असते, ‘पाय टेकायला हवेत’ म्हणून. वीस किलोमीटरनंतर त्याचा हिशेब गुडघे मागतात.

दुसरी ब्रेक, आणि हे नीट वाचा. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाला असतो. फ्रान्समध्ये पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. सवयीने डावा ब्रेक करकचून दाबला तर पुढचं चाक जागेवर थांबतं आणि आपण हँडलवरून पुढे जातो. रिकाम्या जागेत चार चकरा मारून दोन्ही हात वेगवेगळे दाबून बघा. आमच्यातल्या एकाने ‘माहितीय रे’ म्हणत हे टाळलं आणि पहिल्याच वळणावर तो गुलाबाच्या झुडपात गेला. झुडूप एका आजोबांचं होतं. त्यांनी आधी झुडूप तपासलं, मग त्याला.

तिसरी गोष्ट: पंक्चरचं सामान. ट्यूब, टायर काढायचे प्लॅस्टिकचे चमचे आणि पंप मागून घ्या, आणि पंपाचं तोंड तुमच्या व्हॉल्व्हला बसतं का ते तिथेच लावून बघा. इथे बऱ्याच सायकलींना बारीक, टोकाला छोटी पितळी नट असलेला व्हॉल्व्ह असतो. हवा भरण्याआधी ती नट सैल करावी लागते. आपला जाड व्हॉल्व्ह माहीत असलेला माणूस तिथे पंप मारून मारून थकतो, हवा मात्र एक थेंब आत जात नाही.

घंटी वाजते का, दिवे लागतात का, कुलूप किती जणांत किती, सामानाची पिशवी कॅरिअरला अडकते का, हेही बघा. आणि दुकान संध्याकाळी नक्की किती वाजता बंद होतं ते विचारून घड्याळात गजर लावा. काही दुकानं दुपारी जेवणासाठीही बंद असतात.

उजवी बाजू

फ्रान्समध्ये उजवीकडून चालवायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. गर्दीच्या रस्त्यावर कोणी चुकत नाही, समोरच्या गाड्याच शिकवतात. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर, थांबा संपल्यावर. खाऊन-पिऊन, गप्पा मारत सायकलवर बसता, रस्ता मोकळा असतो, आणि पाय आपोआप डाव्या बाजूला नेतात. पुढच्या वळणावरून गाडी आली की मग कळतं. आमचा नियम असा: प्रत्येक थांब्यानंतर जो पहिला निघेल त्याने ओरडायचं, ‘उजवीकडे!’ पोरकट वाटतं, पण दिवसभरात दोनदा तरी त्याचा उपयोग झाला.

दुसरा सापळा खेड्यातल्या गल्लीबोळांत असतो. फ्रान्समध्ये जिथे वेगळी पाटी नाही तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. तुम्ही मोठ्या रस्त्यावर असाल आणि उजवीकडच्या बोळातून एखादी मोटार आली, तरी पहिला हक्क तिचा. पिवळ्या चौकोनाची टोकावर उभी केलेली पाटी दिसली तर मात्र तुमचा रस्ता मुख्य. चौकातल्या गोल वळशाला उजवीकडे शिरून घड्याळाच्या उलट फिरायचं, आणि आत आधीच असलेल्याला वाट द्यायची.

बाकीचे नियम पटकन. दोघांनी शेजारी-शेजारी चालवायला दिवसा परवानगी आहे, मागून गाडी आली की एकामागे एक व्हायचं. कानात इअरफोन घालून सायकल चालवणं २०१५ पासून बेकायदा आहे. बारा वर्षांखालच्या मुलांना २०१७ पासून हेल्मेट सक्तीचं, मोठ्यांना नाही, पण घाला. गावाबाहेर अंधार झाला किंवा नीट दिसत नसेल तर चमकणारं जॅकेट सक्तीचं. आणि रक्तातल्या दारूची मर्यादा मोटारवाल्याइतकीच सायकलवाल्यालाही लागू आहे: लिटरला ०.५ ग्रॅम. म्हणजे जेवणाबरोबर एक पेला, आणि बाटलीचा बेत रात्री. अडचण आली तर ११२.

गावातला पाव, मग पूल

निघायच्या आधी जेवण विकत घ्या. रेस्टॉरंटच्या दोनच्या ठोक्याला यापेक्षा चांगलं उत्तर मला सापडलेलं नाही.

बेकरीत शिरताना आधी ‘बाँझूर’. हे सोडून थेट ‘दोन पाव’ म्हटलं की समोरचा चेहरा थंड होतो, आणि तो उद्धटपणा आपला असतो, त्यांचा नाही. मग ‘ट्रॅडिस्याँ’ मागा. ही ‘बागेत’ नावाच्या लांब फ्रेंच पावाची कडक, खरपूस जात. १९९३ च्या सरकारी नियमाप्रमाणे तिच्यात बाहेरची कृत्रिम भर चालत नाही. माणशी अर्धी पुरते. जवळच्या चीजवाल्याकडे ‘सेल-स्यूर-शेर’ मागा. याच भागातलं शेळीच्या दुधाचं चीज, छोट्या चपट्या वडीसारखं, वरून कोळशाच्या राखेने करडं झालेलं. राख खायची असते, खरवडून काढू नका. आतून ते पांढरंशुभ्र असतं, चिरोटीसारखं जिभेवर विरघळत नाही पण खव्यासारखं चिकटतं. टोमॅटो, मुळे, आणि मे-जून असेल तर स्ट्रॉबेरी. ही फळं इथेच पिकतात.

शाकाहारी मंडळींसाठी दोन सूचना. एक, अशी पारंपरिक चीजं रेनेटने, म्हणजे वासरा-करडाच्या पोटातून काढलेल्या द्रव्याने, विरजलेली असतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी पाकिटावर ‘प्रेझ्यूर’ (म्हणजे रेनेट) शब्द बघावा किंवा लोणी-मुळा-मीठ असा फ्रेंचांचाच बेत करावा. दोन, रेस्टॉरंटमध्ये ‘गरम शेळीचीजचं सॅलड’ शाकाहारी वाटून मागवलं तर त्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे येऊ शकतात. ‘साँ लार्दाँ’ असं मागवतानाच सांगा. ‘व्हेजेटारिअँ’ एवढ्यावर मासा येण्याची शक्यता असते.

घरून काय न्यावं? शेंगदाण्याची कोरडी चटणी. पावावर लोणी, त्यावर शेळीचं चीज, वर चटणी: यावर आमच्यात मतभेद नाहीत. पेढे-बर्फी मात्र नेऊ नका, दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात आणायला बंदी आहे.

आता पूल. ब्लुआचं जुनं शहर उजव्या तीरावर चढावर आहे आणि आपला रस्ता डाव्या तीरावर. झाक गाब्रिएल पूल ओलांडायचा. आधीचा पूल १७१६ मध्ये बर्फाच्या लोंढ्याने नेला, मग हा बांधला. पूल मधोमध फुगलेला आहे, गाढवाच्या पाठीसारखा, आणि माथ्यावर एक दगडी सुळका आहे. तिथपर्यंत दम लागला तर समजा की दिवसभरातला सगळ्यात कठीण चढ झाला. पलीकडे उतरून डावीकडे वळा, म्हणजे नदीच्या वरच्या दिशेला. इथून पुढे पांढऱ्या पाटीवर हिरवी सायकल दिसेल, ती सोडू नका. प्रत्येक फाट्यावर पुढच्याने मागचा दिसेपर्यंत थांबायचं. सगळ्यात हळू असणाऱ्याला पुढे ठेवा, पंप ज्याच्याकडे आहे त्याला सगळ्यात मागे.

बांधावरून सँ-दियेपर्यंत

बांधावर एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला भाजीची शेतं आणि बुटकी घरं. लोआर १००६ किलोमीटर लांब, फ्रान्सची सगळ्यात लांब नदी, पण उन्हाळ्यात तिचं रूप आपल्या मे महिन्यातल्या भीमेसारखं: वाळूची बेटं, मधून पाण्याचे फाटे, काठाला वाळुंज. त्या वाळूच्या बेटांवर वसंतापासून कुररी पक्षी अंडी घालतात, म्हणून तिकडे चालत जायचं नाही. पोहायचंही नाही. वर शांत दिसणाऱ्या पाण्याखाली वाळू सरकते आणि ओढ जबर असते.

ही नदी गरीब वाटते म्हणून बांध कशाला, असा प्रश्न पडेल. वाटेतल्या गावांत जुन्या भिंतींवर पुराच्या खुणा कोरलेल्या असतात: १८४६, १८५६, १८६६. सायकल टेकवून त्या रेघेखाली उभे राहा. माझ्या मैत्रिणीच्या डोक्यावर अजून हातभर पाणी झालं असतं. पलीकडच्या तीरावर मेनारचा लांबलचक राजवाडा दिसतो, जो १७६० मध्ये राजा पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पाँपादूर हिने विकत घेतला. फोटोसाठी पुलावर नाही, इथे थांबा.

साधारण दीड-पावणेदोन तासांत सँ-दिये-स्यूर-लोआर येतं. हे शाँबोरचं बंदर होतं. राजवाड्याचा दगड आणि इतर सामान होड्यांनी इथे यायचं आणि पुढचे चार-पाच किलोमीटर बैलगाड्यांनी जायचं. जुना दगडी घाट अजून आहे. आम्ही जेवायला इथेच बसतो. पाणी भरून घ्या: नळावर ‘ओ नाँ पोताब्ल’ लिहिलं असेल तर ते पिण्याचं नाही. नळ सापडला नाही तर गावाच्या स्मशानात बहुधा असतो, फुलांना घालायला. आपल्याला ते ऐकून कसंसं होतं, पण फ्रेंच सायकलवाले बिनदिक्कत तिथे बाटल्या भरतात. पाटी मात्र तिथेही वाचा.

शाँबोर

सँ-दियेनंतर रस्ता नदी सोडून रानात शिरतो आणि एका भिंतीच्या दरवाजातून आत जातो. ही भिंत ३२ किलोमीटर लांब आहे. आतलं रान ५४४० हेक्टर, म्हणजे पॅरिस शहराच्या जवळजवळ निम्मं. सरळ रस्ता, दोन्हीकडे ओक, आणि मग एकदम मोकळ्यावर तो राजवाडा: धुराडी, घुमट, सुळके, जणू एखादं गावच छपरावर चढवलंय. फ्रान्स्वा पहिला याने १५१९ मध्ये काम सुरू केलं. ४०० हून अधिक दालनं, २८२ शेकोट्या, ७७ जिने. आणि राजाने स्वतः इथे काढलेले दिवस? सगळ्या कारकिर्दीत मिळून जेमतेम ७२. आपल्याकडे लोणावळ्यात बंगला बांधून वर्षातून दोनदा जाणारे काका आठवले.

सायकली ठरलेल्या जागी एकत्र कुलपात गुंतवा, बॅटरीवाल्यांची बॅटरी काढून सोबत घ्या. तिकीट आधी ऑनलाइन काढलं तर रांग वाचते. आत सगळं बघायच्या भानगडीत पडू नका, पायांत वीस किलोमीटर आहेत. दोनच गोष्टी बघा. मधला दुहेरी जिना: दोन जिने एकाच खांबाभोवती एकमेकांत गुंफलेले. एकातून तुम्ही चढा, दुसऱ्यातून मित्राला उतरू द्या. मधल्या झरोक्यांतून एकमेकांना दिसता, पण भेट होत नाही. ही कल्पना लिओनार्दो दा व्हिंचीची असावी असं मानतात. तो काम सुरू व्हायच्या काही महिने आधी, २ मे १५१९ रोजी, इथून जवळ आंब्वाझमध्ये वारला. आणि दुसरी गोष्ट म्हणजे गच्ची. त्या धुराड्यांच्या गल्ल्यांतून फिरायला अर्धा तास ठेवा. ज्यांना तिकीट नको असेल त्यांनी बाहेर गवतावर झोपावं, तेही चांगलं.

परत येताना

सव्वाचारला सायकलवर. आलो त्याच बांधाने परतू नका. या भागात वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो. सकाळी तो पाठीशी होता, म्हणून आपण एवढे तगडे वाटत होतो. आता तो तोंडावर येईल आणि बांधावर आडोसा नाही. त्यापेक्षा कोसाँ या छोट्या नदीच्या बाजूने उइसो गावातून आणि पुढे व्हिनॉयवरून ब्लुआ गाठा. सतराएक किलोमीटर, बरीच झाडी, आणि उइसोत कॉफीला थांबता येतं.

हौशी ग्रूप असेल, आणि सकाळी नऊलाच निघाला असेल, तर शाँबोरहून दक्षिणेला ब्रासिय, तिथून शव्हर्नी आणि मग ब्लुआ असा मोठा वळसा होतो. एकूण पन्नासच्या वर जाईल. शव्हर्नीच्या बाजूला रोमोरांतँ नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन करतात, ही जात फ्रान्स्वा पहिल्याने आणवली असं सांगतात. पण त्या दिवशी राजवाडा बाहेरूनच बघावा लागेल. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हा वळसा सांगत नाही.

सहाच्या आसपास पूल पुन्हा दिसतो. सायकली द्या, अनामत सोडवली ना ते विचारा, सामानाच्या पिशवीत कोणाचा गॉगल राहिला नाही ना बघा. पॅरिसला परतणाऱ्यांनी शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी धरावी.

आणि रात्री आंघोळीच्या आधी घोट्यांवर, गुडघ्यांच्या मागे, कमरेपाशी गोचीड तपासा. शाँबोरच्या गवतात लोळलेल्यांनी तर नक्कीच. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीजवळ पकडून सरळ ओढून काढा, तेल-बिल लावू नका, आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ पसरलं तर डॉक्टरांना दाखवा.